जुन्या फोटोंमधून भारत दाखवायचाय, सुरुवात कुठून करू?

आळशी_प्रवासी:
नमस्कार मंडळी, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तासाभराचा स्लाइड शो करायचं अंगावर घेऊन बसलोय. विषय मीच सुचवला, आपल्याकडची ऐतिहासिक ठिकाणं १९व्या शतकातल्या फोटोंतून. फोटो ढिगाने उतरवून घेतले पण आता बघताना सगळे सारखेच वाटतायत, देऊळ, घुमट, दोन ताडाची झाडं, वर पांढरंफटक आकाश आणि माणूस औषधालासुद्धा नाही. चौथ्या स्लाइडला निम्मे लोक पेंगतील हो. काय करावं?

दगडधोंडे:
आधी ढीग कमी करा. काश्मीर ते कन्याकुमारी एका तासात कोंबू नका, दोन-तीनच जागा घ्या आणि एकेका जागेचे वेगवेगळ्या काळातले फोटो लावा. मी असतो तर हंपीपासून सुरुवात केली असती. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या कंपनी फौजेतल्या अधिकाऱ्याने १८५६ मध्ये तिथे फोटो काढलेत. त्यातला विठ्ठल मंदिरातला दगडी रथ बघा, त्याच्या डोक्यावर विटांचं चांगलं उंच शिखर दिसतं! आज ते नाही, पुढे कधीतरी उतरवलं गेलं. आता गंमत अशी की ५० रुपयांच्या नव्या नोटेवर हाच रथ आहे, बिनशिखराचा. तर आधी लोकांना खिशातून नोट काढायला सांगा आणि मग ग्रीनलॉचा फोटो पडद्यावर टाका, कोण पेंगतंय बघू. ग्रीनलॉच्या निगेटिव्ह बरीच वर्षं विस्मृतीत होत्या, १९८०च्या दशकात जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरने त्याच्याच जागांवर उभं राहून पुन्हा फोटो काढले, त्यामुळे जोड्या आयत्या मिळतात.

काचवाला:
+१ हंपीला. पण ते पांढरं आकाश आणि गायब माणसं लपवू नका, तीच गोष्ट सांगा ना. तेव्हाची रसायनं निळ्या प्रकाशाला फार पटकन प्रतिसाद द्यायची, त्यामुळे दगडाचा तपशील नीट येईपर्यंत आकाश पार जळून जायचं, काही लोक तर ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवायचे आणि प्रिंट करताना वर जोडायचे. माणसं तिथे असायची, पण एक्सपोजर इतकं लांब की चालता माणूस उमटतच नाही, फार तर धुरकट डाग. ग्रीनलॉ आणि त्याच काळातला दुसरा फोटोग्राफर लिनीयस ट्राइप मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्ह वापरायचे, त्या आधी तयार करून नेता यायच्या. नंतर ओल्या काचेची पद्धत रूढ झाली, त्यात काच वाळायच्या आत फोटो काढून तिथल्या तिथे डेव्हलप करायला लागायची, म्हणजे अंधारा तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या असा सगळा संसार बरोबर. सॅम्युअल बोर्न १८६६ मध्ये हा संसार हमालांच्या पाठीवर घालून हिमालयातल्या मणिरंग खिंडीत गेला, १८,६०० फुटांवर. निसर्गदृश्यं हवी असतील तर बोर्नशिवाय पर्याय नाही.

ट्राइपचं एक काम मात्र घ्याच. १८५८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा शिलालेख त्याने २१ फोटो एकाला एक जोडून टिपला, पट्टी जवळजवळ १९ फूट लांब. (तंजावर म्हटल्यावर भोसल्यांचा विषय निघणारच, तयारी ठेवा.)

बाभळीचा_काटा:
सगळे साहेबच का? लाला दीनदयाळ विसरलात. जन्म १८४४, शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात, पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर. त्यांचे ग्वाल्हेर, सांचीचे फोटो बघा, आकार आणि उंची ज्या नजरेने पकडलीय ती इंजिनिअरचीच आहे असं माझं मत.

आणि एक सावधगिरी. लखनौच्या सिकंदर बागेचा फेलिचे बिआटोचा फोटो, अंगणात हाडं पसरलेली, तुमच्या ढिगात असणारच. लढाई नोव्हेंबर १८५७ची आणि हा माणूस लखनौला पोचला १८५८च्या मार्चमध्ये. हाडं फोटोसाठी मांडली होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. दाखवायचा तर हे सांगून दाखवा, नाहीतर सरळ गाळा.

आळशी_प्रवासी:
वा, नोटेची आयडिया चोरली! बिआटो गाळतोय, आमच्यात एकदोघं हळवे आहेत. एकच शंका, एआयने रंगीत करून घेऊ का? रंग असले की लोक जरा बघतात.

काचवाला:
नका करू. त्या रसायनांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, लाल वस्तू काळपट यायची आणि निळी फिकट. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नसतो, ते काळ्या-पांढऱ्यावरून अंदाज बांधतं आणि बिनदिक्कत चुकीचे रंग भरतं. त्यापेक्षा मूळ प्रिंटचे स्कॅन घ्या, ते मुळात करडे नसतात, तपकिरी-जांभळट झाक असते, पडद्यावर फार सुंदर दिसते. न्यूयॉर्कचं मेट आणि लॉस एंजेलिसचं गेटी या संग्रहालयांकडे मोठ्या साइझचे फुकट मिळतात. शोधताना इंग्रजी स्पेलिंग जुनं टाका, टँजोर, मदुरा, ट्रिचिनोपोली वगैरे, नाहीतर निम्मा माल सापडतच नाही.

दगडधोंडे:
आणि प्रत्येक फोटोवर निदान एक मिनिट थांबा हो, लोकांना बघू द्या. शिवाय ५०च्या थोड्या नोटा स्वतःजवळ ठेवा, हल्ली खिशात फोनच असतो फक्त.