सागाच्या फळ्या आहेत, साडेसहा इंची टू-वे स्पीकर करायचे आहेत: डबा आणि क्रॉसओव्हर

पऱ्हाटी (दिग्रसजवळ, जि. यवतमाळ)

जुन्या घराच्या सागाच्या फळ्या निघाल्या आहेत, एक इंच जाड, नऊ इंच रुंद. त्यातून बसून ऐकायचे दोन स्पीकर करायचे आहेत. खोली १२ बाय १५ फूट, विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर टिन. ऐकणं म्हणजे शास्त्रीय गायन, तबला, भजन. आवाज फार मोठा लागत नाही, पण खरा लागतो.

वूफर (खालचा आवाज देणारा) साडेसहा इंची, रबरी कडेचा: एफएस (रेझोनन्स) ४२ हर्ट्झ, क्यूटीएस (एकूण डॅम्पिंगचा आकडा) ०.३६, व्हीएएस (शंकूच्या लवचीकपणाइतकी हवा) २४ लिटर, आरई (डीसी रोध) ६ ओहम, एलई (कॉइलचं इंडक्टन्स) ०.७ मिलिहेन्री, संवेदनशीलता ८७ डीबी. ट्वीटर (वरचा आवाज देणारा) एक इंची सिल्क डोम, ९२ डीबी, रेझोनन्स ७५० हर्ट्झ. क्रॉसओव्हर (दोघांत आवाज वाटून देणारा फिल्टर) ८ ओहम धरून सूत्राने काढला: २२०० हर्ट्झ, कॉइल १.१५ मिलिहेन्री, कपॅसिटर ४.५ मायक्रोफॅरड. तात्पुरत्या डब्यात लावला तर वरचा आवाज बोचतो, पुरुषाचा आवाज पातळ येतो आणि डग्गा पोकळ वाटतो. महागडे कपॅसिटर घेऊन फरक पडेल का? आणि डब्यात भरायला घरचाच कापूस चालेल का?

रंधा

भाऊ, सागाच्या फळीचा डबा करू नका. साग चांगलाच आहे, अडचण आपल्या हवेची आहे. मे महिन्यात ४५ अंश आणि कोरडी ठणठणीत हवा, जुलैत सगळं ओलं. नऊ इंची फळी आडव्या अंगाने वर्षात दीड-दोन मिमी सहज कमीजास्त होते. उभ्या अंगाने जवळजवळ होतच नाही. सहा बाजू डिंकाने पक्क्या जोडल्या की ही हालचाल कुठेतरी निघणारच: एकतर फळी चिरते, नाहीतर सांधा उघडतो. सांधा केसाएवढा उघडला तरी तिथून हवा फुसफुसते आणि बास गेला.

डबा १८ मिमी प्लायचा करा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय. उदईचीही काळजी कमी होते. साग कापून चारी उभ्या कोपऱ्यांना २० मिमीच्या पट्ट्या लावा आणि त्यांना गोलाई द्या. शोभाही येते आणि कडेवरून होणारं ध्वनीचं विखुरणं कमी होतं. साग अंगभर दिसायलाच पाह्यजे असेल तर व्हिनिअर लावा, पण रबरी सोल्युशनने नाही. ते उन्हाळ्यात मऊ पडतं आणि फुगे येतात. पांढरा फेव्हिकॉल, सपाट वजन आणि २४ तास. प्लायच्या दोन्ही अंगांना लावा, एकाच अंगाला लावलं तर पान वाकतं.

माप: बाहेरून रुंदी २२, उंची ३८, खोली ३४ सेंमी. आतून १८.४ × ३४.४ × ३०.४, म्हणजे १९.२ लिटर. वूफर, पाईप आणि आडवा टेका वजा जाता १८ च्या आसपास उरतात. तुमच्या वूफरला ते जमतं. पोर्टला (बाससाठी डब्याची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला) शेतीचा ६३ मिमी पीव्हीसी पाईप घ्या, ४ किलो दाबाचा, आतून सुमारे ६० मिमी भरतो. डबा ४२ हर्ट्झला ट्यून करायला लांबी २२ सेंमी. तो मागच्या फळीत वर, ट्वीटरच्या मागे बसवा, म्हणजे त्याचं तोंड वूफरच्या चुंबकावर येणार नाही. पाईप आधी २५ कापा आणि मोजून कमी करत आणा. वाढवता येत नाही.

टेका एकच, मधोमध नको, उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर. खिडकीसारखा पोकळ कापा. वूफरच्या भोकाची आतली कड ४५ अंशात तासा. १८ मिमी प्लायमध्ये ती सरळ ठेवली तर शंकूच्या मागची हवा कोंडते. स्क्रू थेट प्लायमध्ये नको, मागून टी-नट (प्लायमध्ये ठोकायचं आट्यांचं नट) ठोका. चार वेळा वूफर काढाल-घालाल तेव्हा कळेल का ते.

ओहम

महागड्या कपॅसिटरचा प्रश्न आधी निकालात काढू: नाही पडणार. बोचण्याचं आणि पातळपणाचं कारण आकड्यांतच दिसतंय.

एक, सूत्र ८ ओहमचा रेझिस्टर धरतं आणि वूफर रेझिस्टर नाही. ०.७ मिलिहेन्रीमुळे २२०० हर्ट्झवर त्याचा इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) ११ ओहमच्या घरात जातो. म्हणजे फिल्टर जिथे कापेल असं तुम्हाला वाटतं तिथे तो कापतच नाही. वूफरला समांतर झोबेल (हा चढता इम्पीडन्स सपाट करणारी जोडणी) लावा: ७.५ ओहम आणि १२ मायक्रोफॅरड, दोन्ही एकमेकांच्या सिरीजमध्ये.

दोन, बॅफल स्टेप, म्हणजे डब्याच्या तोंडाच्या रुंदीमुळे खालच्या आवाजात पडणारी घट. २२ सेंमी रुंद तोंडाचा डबा साधारण ५२० हर्ट्झच्या वर सगळा आवाज पुढे फेकतो, खाली तो डब्याला वळसा घालून मागे जातो. मोकळ्या जागी हा फरक ६ डीबीपर्यंत, घरात भिंतीची मदत धरून ४ धरा. पुरुषी गळ्याचा भरदारपणा बराचसा इथेच हरवतो. त्यामुळे वूफरची कॉइल १.१५ नाही, २ मिलिहेन्रीच्या आसपास लागेल आणि तिला समांतर १० मायक्रोफॅरड. कॉइलचा स्वतःचा रोध ०.३ ओहमच्या आत ठेवा, नाहीतर डग्गा ढिला पडतो.

तीन, पातळी. वूफर ८७, त्यातून बॅफल स्टेपचे ४ गेले, राहिले ८३. ट्वीटर ९२. नऊ डीबी जास्त, आणि तुम्ही तो तसाच जोडलाय. बोचणार नाही तर काय! फिल्टर आणि ट्वीटरच्या मध्ये ५.१ ओहम सिरीज आणि ४.७ ओहम समांतर लावा. पावणेनऊ डीबी खाली येतो आणि फिल्टरला ८ ओहमच दिसतात. दोन्ही १० वॅटचे सिमेंटचे, बोर्डापासून ५ मिमी वर. ट्वीटरला ६.८ मायक्रोफॅरड आणि मग ०.३ मिलिहेन्री समांतर. हे सुरुवातीचे आकडे आहेत, शेवटचे मोजमापाच्या माइकने ठरतील.

२२०० ठीक आहे. ट्वीटरच्या रेझोनन्सच्या जवळपास तिप्पट आहे. साडेसहा इंची शंकूचा कामाचा व्यास १३ सेंमी, त्यामुळे २६०० च्या वर तो झोतासारखा समोरच फेकतो. ट्वीटर आणि वूफरच्या मध्यांतलं अंतर १५ सेंमीच्या आत ठेवा, २२०० ची तरंगलांबी तेवढीच आहे. खालीवर बसल्यावर आवाज बदलतो त्याचं मूळ बहुतेक वेळा हे अंतर असतं.

कपॅसिटर साधे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बायपोलर इलेक्ट्रोलिटिक वाळतात, पाच-सात वर्षांत आवाज हळूहळू सरकतो आणि कळतही नाही. कॉइली एकमेकींना काटकोनात, १० सेंमी अंतरावर आणि लोखंडी स्क्रूपासून लांब.

पऱ्हाटी

खुलासेवार सांगितलं, धन्यवाद. माइक घेतो. पण खोलीत टिन आणि फरशीचा घुमारा इतका आहे की मोजमाप कशाचं होईल? आणि कापसाचं राहिलं.

ओहम

मोजमाप खोलीत करूच नका, खळ्यात करा. शहरातल्या माणसाला हे सुख नाही. स्पीकर उंच घडवंचीवर ठेवा: ट्वीटर जमिनीपासून २ मीटर, माइक त्याच उंचीवर १ मीटर समोर. जमिनीवरून परतणारा आवाज ९ मिलिसेकंद उशिरा येतो. आरईडब्ल्यूमध्ये (मोजमापाचं सॉफ्टवेअर) त्याच्या आधी खिडकी कापा, म्हणजे नंतरचा आवाज वगळा, ११० हर्ट्झच्या वरचं सगळं स्वच्छ मिळतं. खालच्यासाठी माइक शंकूपासून एक सेंमीवर, पोर्टचं वेगळं, मग दोन्ही जोडा. घडवंचीची वरची फळी डब्यापेक्षा रुंद नको. वेळ पहाटेची, वारा पडलेला असतो.

यूएसबी माइक असेल तर अकूस्टिक टाइमिंग रेफरन्स (दुसऱ्या स्पीकरच्या आवाजावरून वेळ जुळवणं) चालू ठेवा आणि संदर्भासाठी लावलेला दुसरा स्पीकर शेवटपर्यंत जागचा हलवू नका. नाहीतर ट्वीटर-वूफरची फेज जुळणार नाही. वूफर, ट्वीटर वेगवेगळे मोजा, समोरून आणि दर १५ अंशांनी ९० पर्यंत, फाइली व्हिट्युइक्सकॅडमध्ये (क्रॉसओव्हर आखायचं सॉफ्टवेअर) टाका. शेवटची परीक्षा सोपी आहे: ट्वीटरच्या तारा उलट जोडा. २२०० ला २० डीबीपेक्षा खोल खड्डा पडला तर जुळणी बरोबर. खड्डा उथळ किंवा बाजूला सरकलेला असेल तर फिल्टरवर परत बसा.

रंधा

कापूस डब्यात नको. आवाज शोषतो तो बराच, पण पावसाळ्यात गोळा होतो, किडे लागतात आणि उंदराला आयतं घर. उशीत भरतात ते रेक्रॉन घ्या. पोर्टवाला डबा आहे, म्हणून ठासून भरायचं नाही. मागची, वरची, खालची आणि एका बाजूची भिंत ४-५ सेंमी जाड मढवा, पाईपच्या तोंडासमोर १० सेंमी मोकळं सोडा. उंचीच्या मापाची उभी लाट ५०० हर्ट्झला पडते, म्हणून वर-खाली जाड ठेवा. डांबरी शीट लावणार असाल तर नुसत्या तिच्या गोंदावर सोडू नका, ऊन लागलं की घसरते. स्टेपल मारा.

कापसाची जागा भिंतीवर आहे. पिंजाऱ्याकडून १० सेंमी जाडीच्या गाद्या भरून घ्या, लाकडी चौकटीत सुती कापडाने मढवा आणि भिंतीपासून तेवढंच अंतर सोडून टांगा. बाजूच्या भिंतींवर जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथे एकेक, मागे दोन. कापूस लवकर पेटतो, तेव्हा बोर्ड, वायर आणि देवघराच्या दिव्यापासून लांब.

टिनाचं वेगळं काम आहे. २० ते २०० हर्ट्झ हळू सरकवत वाजवा आणि पत्रा कुठे थरथरतो ते ऐका. त्या जागचे जे-हूक आवळा, रबरी वॉशर बदला. ते न करता पत्र्याच्या थरथरीला वूफरचा दोष समजणारे खूप आहेत.

स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून पाऊण मीटरवर असेल तर ११५ हर्ट्झच्या जवळ खड्डा पडतो. पाच-पाच सेंमी मागेपुढे करून पाहा. कूलरचा झोत मात्र थेट डब्यावर येऊ देऊ नका, कागदी शंकू आणि व्हिनिअर दोन्हीला ती ओल बाधते. खरं ऐकायचं असेल तेव्हा कूलर बंदच.

खटका

वरचं सगळं बरोबर, एकच जोडतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो आणि लोक क्रॉसओव्हर उघडून बसतात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की हम (स्पीकरातला सततचा गुणगुण आवाज) वाढू शकतो, त्यात पाणी टाकत राहा.

पऱ्हाटी

पाईपच्या तोंडाला मच्छरजाळी लावू का? पाली शिरतील.

रंधा

मच्छरजाळी नको, बारीक छिद्रांत हवा अडकते, पोर्टचं काम बिघडतं आणि मोठ्या डग्ग्याला सुस्कारा ऐकू येतो. पाच मिमी चौकोनाची वेल्डेड तारजाळी पाईपच्या आतल्या टोकाला लावा, उंदीर थांबतो. लहान पाल आणि कुंभारीण माशी त्यातूनही जातात. त्यांच्यासाठी स्पीकर वाजत नसताना पाईपमध्ये कापडी बोळा घालून ठेवा. बोळ्याला लाल दोरी बांधा, म्हणजे वाजवण्याआधी काढायचा राहत नाही.