मदत हवी आहे: कॉलनीतल्या रस्त्यावरची तोडलेली झाडं परत त्याच जागी लावायची आहेत

नमस्कार मंडळी,
आमची कॉलनी पुण्याच्या उपनगरातली, जुनी प्लॉटिंगची स्कीम. ड्रेनेज लाईन आणि काँक्रीटच्या रस्त्यासाठी गेल्या वर्षी मेन रोडवरची १४ झाडं गेली, ११ गुलमोहर नि ३ रेनट्री, सगळी पस्तिशीच्या आसपासची. झाडांवर नोटीस चिकटवली होती म्हणे, हरकतीची मुदत पण होती, पण आम्ही कोणीच वेळेवर वाचली नाही आणि ती चूक आमचीच.

आता मार्च सुरू झालाय आणि दुपारी रस्त्यावर पाय ठेववत नाही. रेनट्रीखाली इस्त्रीवाल्या काकांची गाडी असायची, ते आता प्लास्टिकचा कागद बांधून उभे राहतात. माझी आई पंच्याहत्तरची, रोज स्टॉपपर्यंत चालत जायची, तिने ते बंद केलंय.

१९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ ला जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, म्हणजे आमची ४९० होतात. ती गावाबाहेरच्या एका प्लॉटवर लावलीत असं तोंडी सांगितलं. असतीलही, पण आमच्या रस्त्यावर सावली कुठून येणार? आम्हाला १४ च्या जागी निदान १४ तरी इथेच हवीत, खर्च वर्गणीतून करू.

अडचण अशी की फुटपाथ आणि कंपाऊंड वॉलच्या मधे जेमतेम अडीच फुटाची पट्टी उरलीय, तीपण पेव्हर ब्लॉकने बंद, खाली मुरूम नि राडारोडा, एका बाजूला वरून विजेच्या तारा जातात आणि गॅसची लाईन नेमकी कुठून गेलीय ते कोणालाच माहीत नाही. कोणती झाडं लावावीत? बहावा सगळ्यांना आवडतो म्हणून तोच लावा असं चाललंय. आणि परवानगी कोणाकडे मागायची?

रानवाटा:
ताई, बहावा सुंदरच, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं गळालेली असतात, तुम्हाला सावली हवीय तेव्हाच मिळणार नाही. तारा नसलेल्या बाजूला करंज आणि कडुनिंब लावा. करंज मार्चच्या सुमारास पानं टाकतो पण लगेच नवी पालवी येते आणि मे महिन्यात गर्द असतो. तारांच्या बाजूला बकुळ किंवा ताम्हण. बकुळ वाढायला फार वेळ घेते हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. गुलमोहर परत नको, मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, पावसाळ्यात गाड्यांवर पडतो.

खड्डे मे महिन्यातच घ्या, ३ बाय ३ बाय ३ फुटाचे. पट्टीत बसत नसेल तर फुटपाथकडचे ब्लॉक काढायची परवानगी मागा. मुरूम, सिमेंट सगळं बाहेर काढून चांगली माती आणि शेणखत भरा. जेसीबी आणू नका, पहार-कुदळीने हळूहळू खणा, गॅसवाल्यांना आधी लाईन दाखवून द्यायला सांगा. रोप सहा ते आठ फुटाचं घ्या, एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा, पिशवीत मुळं गोल फिरलेली असली तर ती मोकळी करून.

अंगणवेल:
अर्ज उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावाने करा, पोच घ्या. ४९० रोपं नक्की कुठे लावली आणि किती जगली ते माहितीच्या अधिकारात विचारा. पेव्हरबद्दल पण लिहा, हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, त्याचा दाखला द्या. आणि पाण्याचं आत्ताच ठरवा! पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा प्रत्येकी बादलीभर तरी लागेल, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल मीटिंगमध्ये करंज ८, बकुळ ४, कडुनिंब २ असं ठरलं आणि समोरच्या प्रत्येक घराने आपल्यापुढच्या झाडाला पाणी द्यायचं कबूल केलंय. एकच घर बंद असतं, तिथलं झाड इस्त्रीवाले काका सांभाळतो म्हणाले. अर्जाचा मसुदा उद्या इथे टाकते, कोणी जाणकार असेल तर प्लीज एकदा नजरेखालून घाला.