आश्विनातला दिवस, समुद्रकाठचं गाव आणि कॅमेरा : तुमचे अनुभव सांगा

पुण्याहून (धाग्याची सुरुवात)

पाऊस गेलेला असतो, दिवाळीच्या सुट्टीची झुंबड अजून यायची असते आणि हवा अशी धुतलेली की खाडीपलीकडच्या डोंगरावरचं झाड न झाड मोजून घ्यावं. ऑक्टोबर हीटला शिव्या घालणाऱ्यांनी खुशाल घालाव्यात. किनाऱ्यावरच्या गावात कॅमेरा गळ्यात टाकून दिवसभर भटकायला मला वर्षातले हेच पंधरा-वीस दिवस आवडतात. तुम्हीही असा एखादा दिवस काढला असेल तर इथे लिहा. गाव कुठलंही चालेल, कॅमेरा कुठलाही. फक्त 'खूप मज्जा आली' एवढ्यावर सोडू नका.

माझ्यापासून सुरुवात. रेवदंडा. तटाच्या आतच नारळ-सुपारीच्या वाड्या, घरं, विहिरी. किल्ला कुठे संपला आणि गाव कुठे लागलं ते कळत नाही. पोर्तुगीजांच्या पडक्या मनोऱ्याला सातखणी म्हणतात, सात खण आज कुणी मोजून दाखवावेत. सकाळी सव्वासातला माडांच्या फटींतून ऊन त्याच्यावर पडलं, तेव्हा जांभळट दगड पाच मिनिटं गुळासारखा दिसत होता. मी त्यांतली तीन मिनिटं लेन्स बदलण्यात घालवली.

दुपारी साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण भाषा मागे ठेवून गेले. गडाखालच्या वस्तीत आजही पोर्तुगीजमधून उपजलेली बोली घरात बोलतात, 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा. एका ओट्यावर आजी सुपं घेऊन बसल्या होत्या. "फोटो काढू का?" विचारलं. त्या आत वळून लेकीशी त्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि मग मला स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "थांब हां, केस विंचरून येते." आत गेल्या त्या वीस मिनिटांनी आल्या. तोवर ओट्यावरचं सुंदर तिरपं ऊन शेजारच्या घरावर गेलं होतं. फोटो सपाट आलाय, पण केस व्यवस्थित आहेत.

अलिबागहून

किनाऱ्यावर फोटोग्राफीला येणारे सूर्यास्ताची वेळ बघून येतात आणि भरतीची बघत नाहीत, हे आमचं जुनं दुखणं. आमच्याकडे हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी.

हे मला पाठ होतं, तरी इथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला पहिल्यांदा कॅमेरा नेला तो अष्टमीलाच. हिशोब बरोबर होता, बाराला ओहोटी होती. पण अष्टमीचं पाणी भांगाचं, ते पुरतं उतरतच नाही. मांड्यांपर्यंत पाणी, बॅग डोक्यावर, आणि वर टळटळीत ऊन. सगळ्या फोटोंत तट पांढरा फटक आणि सावल्या काळ्या ठिक्कर. नवख्याला शिक्षण म्हणून बरं.

पुढच्या खेपेला कोजागिरी धरली. पौर्णिमेला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बरोबर संध्याकाळी, आणि उधाणाची असल्याने पाणी लांबवर हटलेलं. पाचला ओल्या वाळूतून चालत गेलो. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्यांच्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं तिरप्या उन्हात इतकी उठून दिसली की बोटाने न चाचपता वाचता आली: १८४९ साल, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. दुपारी बाराला हीच अक्षरं मला दिसलीसुद्धा नव्हती. समुद्राकडे सूर्य बुडत होता आणि मागे वळलो तर अलिबागच्या माडांवर चंद्र येत होता. मान कुठे फिरवू असं झालं. पण मोह आवरून निघालो, कारण पाणी उलटल्यावर ते आपल्या फोटोसाठी थांबत नाही. अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून येणारे दोघे मला किनाऱ्यावर भेटले. पैकी एकाच्या हातातला मोबाइल बंद होता.

ठाण्याहून

ऑक्टोबर, मुरुड, दुपारचे दोन. टोपी विसरले. एवढंच लिहिते, नाकाची सालं निघायला आठवडा लागला. फोटो एकही धड नाही.

लीड्सहून

वर यॉर्कशायर वाचलं आणि हसूच आलं, कारण लो मूर माझ्या घरापासून फार लांब नाही, ब्रॅडफर्डला लागून आहे. तुमच्या तोफांचं माहेर इकडचं!

माझा दिवस व्हिटबीचा. ऑक्टोबरचा शेवट, आई दापोलीहून महिनाभर आलेली. 'समुद्र बघायला आणखी एका समुद्राला कशाला जायचं' असं म्हणत ती बसमध्ये बसली. व्हिटबी म्हणजे नदीच्या मुखाशी दोन्ही काठांना चढत गेलेलं मासेमारीचं गाव, लाल कौलं, आणि पूर्वेच्या कड्यावर मठाचे भग्न अवशेष. मूळ मठ ६५७ सालचा, आज उभ्या आहेत त्या भिंती कित्येक शतकं नंतरच्या. १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांनी त्यांच्यावरही तोफगोळे टाकले होते.

कड्यावर जायला १९९ पायऱ्या. आईने जेजुरीच्या सवयीने मोजत चढल्या आणि वर पोचल्यावर जाहीर केलं, "एकशे सत्त्याण्णवच आहेत." परत उतरून मोजायची तिची तयारी होती.

प्रकाशाबद्दल सांगायचं तर हा आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या बरोबर उलटा. सूर्य भर दुपारीही खालीच रेंगाळतो. थडग्याच्या एकेका दगडाला त्याच्या दुप्पट लांब सावली. आपल्याकडे सकाळी आठनंतर कॅमेरा बॅगेत जातो, इथे दिवसभर बाहेर. मात्र चारनंतर दिवस असा भराभर मिटतो की पाठ फिरवावी आणि रात्र व्हावी. एकोणिसाव्या शतकात फ्रँक सटक्लिफ नावाच्या छायाचित्रकाराचा इथे स्टुडिओ होता. पोटापाण्यासाठी पाहुण्यांची पोर्ट्रेट्स काढायचा आणि नाव कमावलं ते इथल्या कोळ्यांच्या, त्यांच्या बायकापोरांच्या फोटोंनी. जाळी विणणाऱ्या बायकांचे ते फोटो बघून आई म्हणाली, "ह्या तर हर्णैच्या वाटतात, नुसत्या गोऱ्या."

गल्लीत एका ठिकाणी हेरिंग मासे ओकच्या धुरावर धरतात. वास आला तशी आई थबकली. "सुकं!" इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा घरी असल्यासारखा झाला.

आणि गंमत पुढेच. त्या दिवसांत तिथे गॉथ लोकांचा, म्हणजे हौसेने काळ्या, भुताटकीच्या पेहरावात वावरणाऱ्यांचा मेळा असतो. काळे झगे, काळे ओठ, उंच टोप्या. मी त्यांचे फोटो काढायला अवघडत होते, तेवढ्यात त्यांच्यातलीच एक बाई आईकडे आली आणि तिच्या मोरपंखी लुगड्याकडे बोट दाखवून फोटोची परवानगी मागू लागली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला म्हणावं, काढ, पण ह्या स्वेटरवर नको." भर थंडीत स्वेटर काढून उभी राहिली. माझ्याकडे त्या दिवसाचे चारशे फोटो आहेत. सगळ्यात चांगला त्या बाईच्या कॅमेऱ्यात आहे.

वसईहून

आमच्याकडे पावसानंतर बोंबील वाळत घालायला सुरुवात होते. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टांगायची. ना दोरी, ना चिमटा. सूर्य मागे धरून बसलं की अर्धे ओले मासे काचेसारखे आरपार दिसतात, मधला काटा मोजता येतो. हा फोटो मला तीन वर्षं जमत नव्हता. कारण शेवटी सापडलं: मी एसी गाडीतून उतरून थेट कॅमेरा काढायचो आणि लेन्सवर वाफ धरायची. आता पोचायच्या आधी अर्धा तास एसी बंद. बायको मागच्या सीटवरून काय बोलते ते इथे लिहीत नाही.

कोल्हापूरहून

माझा अनुभव ३६ फोटोंच्या रोलच्या काळातला. मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, घरचे अकरा जण. बाबांनी धक्क्यावरच बजावलं, "माणूस नसलेला फोटो काढायचा नाही, रोल फुकट जातो." त्यामुळे १६६४ मध्ये महाराजांनी पायाभरणी केलेल्या त्या किल्ल्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. तटासमोर उभी असलेली, कपाळावर हात धरून डोळे बारीक केलेली आमची माणसं मात्र छत्तीस वेळा आहेत. अडतिसाव्या वेळीही त्यांनी डोळे बारीकच केले असते, ऑक्टोबरचं ऊन आहे ते.

हर्णैहून

सगळ्यांचं वाचलं. आता दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण तुम्ही ज्यांचे फोटो काढता त्यांच्या घरातला मी आहे.

आमच्या बंदरात संध्याकाळी वाळूवर लिलाव होतो. बोटी खोल पाण्यात, मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, मागे सुवर्णदुर्ग, वर सोनेरी उजेड. फोटो छान येतो, मान्य. पण लिलाव म्हणजे आमच्या बायकांचा ऑफिसचा टाइम. बोली चालू असताना मध्ये येऊन उभं राहिलं की भाव चुकतो.

एका ऑक्टोबरात एक पाहुणा आला. आत्याने सुरमई उचलून गिऱ्हाइकाला दाखवली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. हा म्हणाला, "ताई, फोकस गेला, पुन्हा उचला ना." आत्या म्हणाली, "गेली ती. दुसरी उचलते, पण मग ती तुम्ही घ्यायची." आजूबाजूच्या बायका हसल्या. तो खजील झाला, पण माणूस चांगला. खरंच सुरमई घेतली, आत्यानेच त्याला ती कापून दिली, आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून लिलाव संपेपर्यंत टोपलीशेजारी बसून राहिला. फोटो त्याने शेवटी काढला, उजेड जवळजवळ गेल्यावर, तिला विचारून.

पुढच्या वर्षी तो फोटो मोठा छापून घेऊन आला. आत्या दोन्ही हातांनी सुरमई धरून, मागे गाडीचं चाक आणि काळोखत चाललेलं पाणी. आम्ही सगळे आत्या कशी दिसते ते बघत होतो. तिने फोटो लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

"एवढी मोठी होती होय," ती म्हणाली, "मी उगीच स्वस्तात दिली तुला."