'मरणाची भीती' की 'मरण्याची'?

शब्दवेल्हाळ:
मैत्रिणीसाठी मानसशास्त्रातली एक प्रश्नावली मराठीत आणतेय. मृत्यूबद्दल माणसाला किती चिंता वाटते ते मोजणारी, डोनाल्ड टेम्पलर यांची १९७० सालची. १५ विधानं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक'. पहिल्याच विधानाला अडले. 'मला मरणाची भीती वाटते' असं लिहिलं, तर वाचून बघणारे काका म्हणाले, "हो, पण कशाची?" त्यांनी ते 'मरणाचा उकाडा', 'मरणाचा कंटाळा' या चालीवर वाचलं! 'मृत्यूची भीती' केलं तर म्हणतात, ही बातमीतली भाषा झाली. काय करू?

अवग्रह:
'मरण्याची भीती' करा. एका यकारात काम भागतं.

कोरी पाटी:
भागत नाही. 'मरणाची' आणि 'मरण्याची' या दोन वेगळ्या भीत्या आहेत. माझी आजी म्हणायची, "मरणाला कोण भितंय, हाल नकोत. हातीपायी धड असताना उचललं म्हणजे झालं." आपण नसू याचं तिला काहीच वाटत नव्हतं, लोळागोळा होऊन पडायचं, दुसऱ्याने कूस बदलून द्यायची, याचा मात्र धसका होता. आता तिने तुमच्या विधानापुढे काय लिहायचं? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा तो युक्तिवाद आठवा: आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही. पटतो. पण तो मरणाच्या भीतीवर. मरण्याच्या भीतीवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

अवग्रह:
एपिक्युरस दुखण्याबद्दलही बोलला आहे हो. तीव्र वेदना फार टिकत नाही, म्हणे.

कोरी पाटी:
धडधाकट असताना म्हणाला असेल.

अवग्रह:
तेच तर. शेवटी मूतखड्याने १४ दिवस आजारी होता आणि त्यातच गेला. तरी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो दिवस सुखाचा म्हटलाय, अशी कथा आहे. खरी असेल तर माणूस बोलला तसा वागला.

पोटभाडोत्री:
एवढं कशाला? नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे: अभिनिवेश. पतंजलींच्या योगसूत्रांत मनाला पीडणारे पाच क्लेश सांगितलेत, त्यांतला शेवटचा. जगण्याला चिकटून राहणं, म्हणजेच मरणाचं भय. आणि सूत्रात 'विदुषोऽपि' असं स्पष्ट म्हटलंय, जाणत्यालाही ते सुटत नाही. असा शब्द असताना 'मृत्युचिंता' वगैरे भाषांतरी जोडकाम का करायचं?

ऱ्हस्वदीर्घ:
'मला अभिनिवेश आहे' यावर लोक डोळे मिटून 'चूक' लिहितील. कारण त्यांना वाटेल, आपण तावातावाने भांडतो का असं विचारलंय.

पोटभाडोत्री:
लोकांनी अर्थाची वाट लावली म्हणून शब्द सोडून द्यायचा?

ऱ्हस्वदीर्घ:
वाट कुठे लावली? मूळ अर्थ घट्ट चिकटून बसण्याचा. जीवाला चिकटला तो अभिनिवेश, स्वतःच्या मताला चिकटला तोही अभिनिवेशच. या धाग्यावर दोन्ही प्रकार दिसतायत.

शब्दवेल्हाळ:
मंडळी, मला एक ओळ हवी आहे. उत्तर देणाऱ्यांत साठीपुढचे बरेच आहेत. 'मरायची भीती वाटते' चालेल का?

मुकाट:
चालेल. काहीही करा, फक्त 'ती मृत्यू' करू नका. परवा एका निवेदकाने 'त्याची मृत्यू झाली' म्हटलं, कानात कोणी खडा टाकावा तसं झालं. हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत तो मृत्यू. हे शुद्धाशुद्धाचं खूळ नाही, साधं व्याकरण आहे.

कोरी पाटी:
महाभारतात मृत्यू बाईच आहे बरं का. ब्रह्मदेव तिला जीव मारायचं काम सांगतो आणि ती रडते. तिच्या अश्रूंचे रोग होतात. मारणाऱ्यालाच रडू फुटतंय, ही कल्पना मला रेड्यावरच्या यमापेक्षा फार मोठी वाटते. भीती कमी होते की नाही ठाऊक नाही, पण राग कमी होतो.

अवग्रह:
जर्मनमध्ये मृत्यू पुल्लिंगी, चित्रांतही बहुधा पुरुष. रशियनमध्ये स्त्रीलिंगी, तर तिकडे म्हातारी. मराठीची गंमत अशी की तो मृत्यू आणि ते मरण. 'ते' आलं की चेहरा रंगवायची सोयच उरत नाही.

मुकाट:
म्हणून 'ती' करायचं का?

रिकामटेकडा:
भीतीवरचा मराठी उतारा कोणीच सांगितला नाही. गचकला, ढगात गेला, तिकीट कापलं, आटोपला, खपला. माझ्या वडिलांचा मित्रमेळा सत्तरीनंतर याच भाषेत बोलायचा. "पुढचा नंबर कोणाचा?" म्हणून हसायचे. मात्र त्यांच्यातला एखादा खरंच गेला की तो 'गेला' किंवा 'वारला'च. त्या दिवशी कोणी 'गचकला' म्हणत नसे.

ऱ्हस्वदीर्घ:
'वारला' कुठून आला? आमचे गुरुजी सांगत, प्राणवायू वाऱ्यात मिसळला म्हणून वारला.

पोटभाडोत्री:
गुरुजींना नमस्कार, पण काही आधार? संस्कृतात 'वारण' म्हणजे दूर करणं, थोपवणं. जगातून दूर झाला तो वारला.

ऱ्हस्वदीर्घ:
हे तुम्ही आत्ता बसल्या जागी जुळवलंत.

रिकामटेकडा:
त्यापेक्षा 'खपणे' बघा. माल खपतो, माणूस मरमर खपतो आणि एक दिवस नुसताच खपतो. संपणं हा धागा तिन्हींत आहे.

मुकाट:
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि 'खपवून घेणे' राहिलं.