मदत हवी आहे: एसएटी (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशपरीक्षा) परत द्यावी का? (तातडीचं)

पोहे_बिनशेंगदाणे: लेकीला ऑगस्टच्या एसएटीत 1390 आले. ऑक्टोबरच्या परीक्षेची नोंदणी परवा बंद होतेय. परत बसवू की आहे तेच पाठवू? नवरा म्हणतो बसव, ती म्हणते मेले तरी बसणार नाही. कृपया फक्त हो किंवा नाही सांगा.

मुळशीकर: कितवीत आहे? राज्य कुठलं? कॉलेजं कुठली? कॅलिफोर्नियात असाल तर विषयच संपला, यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) स्कोअर बघतच नाहीत.

निवांत_बाबा: एसीटी द्या, एसएटीऐवजी चालणारी दुसरी परीक्षा. आमच्या चिरंजीवांचं एसएटीत गाडं अडलं होतं, एसीटीत थेट 36 पैकी 33!

मुळशीकर: दोन आठवड्यांत नवी परीक्षा? तुमच्या चिरंजीवांनी अख्खा उन्हाळा घातला होता, तुम्हीच लिहिलं होतंत.

निवांत_बाबा: आपलं सांगितलं.

पोहे_बिनशेंगदाणे: सीनियर आहे हो, म्हणजे बारावीत. अटलांटा. जॉर्जिया टेक, कम्प्युटर सायन्स. तिथे स्कोअर लागतोच.

कोथरूड_ते_केरी: गणितात किती?

पोहे_बिनशेंगदाणे: 760. इंग्रजीत 630.

कोथरूड_ते_केरी: मग बसवा, जोर फक्त इंग्रजीवर द्या. टेक प्रत्येक भागाचा सगळ्यात चांगला आकडा धरतं, गणित घसरलं तरी बिघडत नाही. घोळ वेगळाच आहे. जॉर्जियातल्या मुलांची अर्ली ॲक्शनची (लवकरच्या फेरीच्या अर्जाची) मुदत 15 ऑक्टोबर, आणि निकाल यायला परीक्षेनंतर साधारण दोन आठवडे लागतात. उशिरा आलेला स्कोअर धरतात का, ते आधी ॲडमिशन ऑफिसला विचारा.

जुना_पेन: आमच्या वेळी बारावीचे मार्क आणि डोमिसाइल, बस्स. एवढी उरस्फोड करण्यापेक्षा पुण्याला सीओईपीला पाठवा.

निवांत_बाबा: तिथे काय नारळ देऊन प्रवेश मिळतो? सीईटी आहेच की.

अटलांटाचा_भाऊ: ताई, व्हिसा कुठला? जॉर्जिया राज्याच्या झेल मिलर शिष्यवृत्तीला शाळेतल्या गुणांची सरासरी (जीपीए) 3.7 आणि एसएटीत 1200 लागतात, पण एच-4 (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर झेल आणि राज्याचीच दुसरी शिष्यवृत्ती होप, दोन्ही विसरा. तिथे अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले लागतात.

पोहे_बिनशेंगदाणे: एच-4च आहे. आम्ही झेल धरूनच हिशेब केला होता...

जुना_पेन: म्हणूनच म्हटलं, सीओईपी.

पोहे_बिनशेंगदाणे: ॲडमिशन ऑफिसच्या फोनवर वीस मिनिटं नुसतं संगीत ऐकतेय. तेवढ्यात नोंदणी करून टाकली. लेकीला अजून सांगितलेलं नाही.