रडणाऱ्या मुलाला राइडवर बसवायचंच का?

सलाटवाडेकर:
दिवाळीची सुट्टी जवळ आली की बडोद्यातल्या आपल्या घरोघरी बेत सुरू होतात. पूर्वी सुट्टी म्हणजे पुण्याची मावशी, नाहीतर कोकणातलं आजोळ. आता मुलांना खोपोलीचं इमॅजिका हवं असतं, ते नाही जमलं तर निदान आजव्याचं आतापी हे मौजेचं पार्क. त्याला माझी हरकत नाही, उलट मला हे आवडतं. आजी, आई-बाप, चुलत-मावस भावंडं असा सगळा गोतावळा अख्खा दिवस एकत्र हिंडतो, ओरडतो, भिजतो. एरवी लग्नकार्याशिवाय हे होतं कुठे?

माझा प्रश्न वेगळा आहे. घाबरलेल्या, रडणाऱ्या मुलाला 'भीती मोडली पाहिजे' म्हणून बळजबरीने राइडवर बसवावं का? माझं मत स्पष्ट आहे. बसवू नये.

उन्हाळ्यात एका पार्कात रोलर कोस्टरच्या रांगेत आमच्या पुढे एक मराठी कुटुंब होतं. मुलगा सात-आठ वर्षांचा असेल. रांग सरकत होती तसतसं तो बापाच्या शर्टाचं टोक मुठीत गुंडाळत होता, इतकं की शर्ट पँटमधून पार बाहेर आला. वर गाडी खडखडत चढायला लागली की हा मान खाली घालायचा. आई म्हणत होती, राहू दे. काका मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, "बघा बघा, आमचा वाघ!" राइडवरचा माणूसही हसत म्हणाला, "बेन, एक वार बेसाडी दो, पछी उतरशे ज नहीं." (ताई, एकदा बसवा तर, मग उतरणारच नाही.) बसवलंच शेवटी. उतरला तेव्हा तो रडत नव्हता, पण बोलतही नव्हता. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाने पुढे बराच वेळ कोणाचाच हात धरला नाही, बापाचासुद्धा नाही. हे मला फार लागलं.

घसरगुंडीवर चढलेलं मूल शिडीवरून परत खाली येऊ शकतं. झोका थांबवता येतो. पोहताना काठ धरता येतो. रोलर कोस्टरचा बार एकदा मांडीवर आला की मधे कुठेच उतरता येत नाही, मोठ्या माणसालाही नाही. म्हणून 'हो' किंवा 'नाही' म्हणायची मुलाची एकच वेळ असते, ती म्हणजे बसण्याआधीची. तीच आपण त्याच्याकडून काढून घेतो. तुमचं काय मत आहे?

रावपुऱ्याचा काका:
ताई, मत पटलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला विचारत बसलं तर तो शाळेतही जाणार नाही, दंतवैद्याकडेही जाणार नाही. मूल 'नाही' म्हणतं ते नवीन गोष्टीला. ती एकदा होऊन गेली की तीच त्याला हवी असते. माझ्या पुतण्याला आम्ही ओढतच बसवलं होतं. आता तोच आमच्याआधी रांगेत जाऊन उभा राहतो.

आमच्या पिढीला कोणी विचारलं होतं? दांडियाबाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात आम्ही मल्लखांब शिकलो. पहिल्यांदा वर चढताना पाय लटपटायचे, खालून वस्ताद ओरडायचे, 'चढ!' चढलो. त्या ओरडण्यानेच आम्ही घडलो. आज प्रत्येक रडण्यापुढे आईबाप हात टेकतात आणि मग बारावीच्या परीक्षेत मूल घाबरलं की डॉक्टर शोधत फिरतात. थोडा धक्का लागतोच.

आणि हिशेबाचंही बोला. आजीपासून बाळापर्यंत सगळ्यांची गाडीभाडी, मुक्काम, तिकिटं. एवढं करून तिथे गेल्यावर मूल नुसतं पॉपकॉर्न खाणार असेल तर आपल्या गावातली कमाटीबाग काय वाईट होती?

सलाटवाडेकर:
काका, कमाटीबाग वाईट नाहीच. लक्ष्मीविलास राजवाड्यात राजघराण्यातल्या मुलांसाठी असलेली छोटी आगगाडी पुढे तिथे आली आणि बडोद्याच्या कितीतरी पिढ्यांची पहिली 'राइड' तीच झाली. तिकिटाचे पैसे वाया जातात हे मान्य. पण पैसे आपण मोठ्यांनी, आपल्या हौसेने भरलेत. ते वसूल करायचा भार त्या पोरावर कशाला?

मल्लखांबाचं म्हणाल तर मीही लहानपणी तिथली प्रात्यक्षिकं पाहिलीत. पहिल्या दिवशी कोणाला टोकावर चढवत नाहीत. आधी साधी पकड, मग सलाम्या, मग उड्या. आणि वस्ताद खाली हात पसरून उभे असतात. मूल घसरत खाली येऊ शकतं, पुन्हा चढू शकतं. रोलर कोस्टरवर यातलं एकही नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

मकरपुरा मेकॅनिकल:
दोघांच्या मधे पडतो, कारण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. मुलांची अर्धी भीती ही माहिती नसल्याची असते. गाडी वर चढताना जो खडखडाट येतो, ज्याला तो मुलगा मान खाली घालत होता, तो मागे घसरू न देणाऱ्या खिटीचा आवाज असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे जाऊ नये म्हणून ती खिटी दात्यांवर अडकत जाते. हे मी आमच्या चिरंजीवांना रांगेत उभं असताना सांगितलं तेव्हा तो आवाज ऐकायला त्याने कान टवकारले.

चाकंही एकाच जातीची नसतात. रुळावर वजन पेलणारी वेगळी, बाजूने धरणारी वेगळी आणि रुळाच्या खालून आवळून धरणारी वेगळी. त्यामुळे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात, पुढच्या टप्प्यातली गाडी निघेपर्यंत मागचीला तिथे शिरू देत नाहीत. आपल्या रेल्वेच्या सिग्नलचीच कल्पना. उलट्या वळशाची गंमत तर मुलांना हमखास आवडते. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर अगदी गोल वळसा बांधला होता, तर लोकांच्या माना आखडायच्या, कारण गोलात शिरताक्षणी जोराचा दाब बसतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा वळसा केला, खाली पसरट आणि वर आवळलेला, आणि तिथून पुढे उलटं होणं सुसह्य झालं.

हे सगळं सांगूनही मूल नको म्हणालं तर बसवू नका. पण आधी सांगा तरी. काका ढकलतात, ताई थांबवतात, समजावून कोणी सांगत नाही.

आणखी एक, ज्याचा मला खरोखर संताप येतो. उंचीची पट्टी. एका ठिकाणी एक गृहस्थ मुलीच्या बुटात रुमालाची घडी घालून तिला दोन बोटं उंच करत होते, माझ्या डोळ्यांदेखत. बार कमरेच्या हाडाशी नीट बसावा, अंग खालून निसटू नये यासाठी ती उंची ठरवलेली असते. रुमालाने उंची वाढते, कंबर तिथेच राहते. मी बोललो तर म्हणाले, "तुमचं काय जातं?"

दोन मुलींची आई:
आमच्याकडे अगदी उलट आहे. थोरली नऊ वर्षांची, तिला सगळ्यात उंच राइडवर बसायचंय, उंचीही पट्टीच्या वर आहे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला कशाला हवेत हे उद्योग. आणि चुलतभाऊ रडतोय तर त्याला सगळे म्हणतात, मुलगा असून रडतोस? म्हणजे ज्याला नकोय त्याला चढवायचं आणि जिला हवंय तिला खाली बाकावर पिशव्या सांभाळत बसवायचं. काका, धक्का द्यायचाच असेल तर आधी सासूबाईंना द्या.

रावपुऱ्याचा काका:
दोन मुलींची आई, तुमच्या मुलीला माझा पूर्ण पाठिंबा. सासूबाईंना माझा निरोप द्या की जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांच्या गावात राहून असं बोलू नये.

हरणी रोड:
मी सहसा अशा चर्चांत लिहीत नाही. पण तुम्ही सगळे मुलाच्या भीतीबद्दल असं बोलताय की जणू ती नेहमीच खोटी असते.

१८ जानेवारी २०२४ ला आपल्याच शहरात हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. त्याच वर्षी २५ मे ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. त्याआधी १४ जुलै २०१९ ला अहमदाबादला कांकरिया तलावाच्या काठी झुलणारी राइड चालू असताना मोडून पडली. हे सगळं गुजरातेतलं आहे आणि सगळं सुट्टीतल्या मौजेच्या जागी घडलेलं आहे.

मी त्या तलावाच्या जवळच राहतो. त्या संध्याकाळी रस्त्यावर ज्या आया धावत होत्या त्या मी पाहिल्यात. तेव्हापासून माझा मुलगा कुठल्याही राइडपाशी 'नको' म्हणाला तर मी 'का?' असं एकदाही विचारलेलं नाही. आम्ही मागे फिरतो. त्याच्या जिवापुढे तिकीट, रांग, नातेवाइकांची मर्जी, काही नाही.

मकरपुरा मेकॅनिकल:
हरणी रोड, तुमच्या भावनेपुढे बोलायला मला जड जातंय. तरी एक फरक केला पाहिजे असं मनापासून वाटतं. हरणी, राजकोट, कांकरिया या तिन्ही ठिकाणी घात झाला तो माणसांच्या निष्काळजीपणाने. जास्त माणसं भरणं, आगीतून बाहेर पडायला वाट नसणं, देखभाल नसणं. मुलाच्या भीतीला यातलं काही दिसत नाही. मूल उंच आणि चकचकीत राइडला घाबरतं, आणि मोडकळीला आलेल्या मेळ्यातल्या पाळण्यात हसत बसतं. धोका ओळखणं हे आपलं काम आहे. बार बसल्यावर कामगार प्रत्येकाचा बार हाताने ओढून बघतो का, बघा. नसेल बघत तर मुलाला कितीही हवं असलं तरी उतरवा. पाण्याच्या राइडला जॅकेट अंगात घट्ट बसलंय का ते स्वतः बघा. 'सगळेच बसलेत' हे कारण धरू नका.

हरणी रोड:
तुमचं बरोबर आहे. पण मला ते तपासून बघण्याचाही धीर राहिलेला नाही. तुम्ही जा, मुलांना न्या. मी कोणाला अडवत नाही.

बालवाडीताई:
काकांनी पुतण्याचं सांगितलं, आता तो स्वतः रांगेत पुढे असतो. असं होतं काही मुलांचं, नाकारत नाही. ज्यांचं होत नाही ती मुलं गप्प बसतात आणि मोठ्यांना वाटतं, भीती गेली.

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी अमेरिकेत पीटर नावाच्या एका लहान मुलावर केलेलं काम प्रसिद्ध झालं. तो सशाला घाबरायचा. त्यांनी ससा त्याच्या मांडीवर टाकला नाही. पीटर आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, दूर ठेवला. मग हळूहळू जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी त्याने स्वतः सशाला हात लावला. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. भीती घालवायची पद्धत आपल्याला माहीत आहे, सुट्टीच्या धावपळीत तेवढा वेळ कोणाला द्यायचा नसतो.

माझ्या वर्गातल्या पालकांना मी सांगते, पार्कात शिरल्यावर आधी लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या राइडपासून सुरुवात करा. मोठ्या राइडपाशी नुसतं उभं राहून लोक हसत उतरतात ते बघू द्या. मूल आपण होऊन म्हणालं तर बसवा. नाही म्हणालं तर त्याच्यासोबत कोणीतरी एकाने खाली राहायचं, आणि राहणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं.

रावपुऱ्याचा काका:
बालवाडीताई, पद्धत छान आहे, पण ती बालवाडीत चालते. सुट्टीचा एक दिवस, तासाभराच्या रांगा, बरोबर पंधरा माणसं. ससा इंचाइंचाने पुढे सरकवायला वेळ कुठून आणायचा? आणि सगळ्या मुलांना एकाच मापाने मोजू नका. काही मुलं खरोखर नुसती अडून बसतात, त्यांना आईचं लक्ष हवं असतं. हट्ट कुठला आणि भीती कुठली हे घरच्या माणसाला कळतं. त्या उन्हाळ्यातल्या मुलाचा बाप तुमच्यापेक्षा त्याला जास्त ओळखत असेल, सलाटवाडेकरताई.

सलाटवाडेकर:
ओळखत असेल. पण त्याची आईही त्याला ओळखत होती, आणि ती 'राहू दे' म्हणत होती. तिचं कोणी ऐकलं नाही.

काका, हट्ट आणि भीती यांतला फरक कळतो म्हणता तर वेळ नाही हे कारण देऊ नका. रांगेत तासभर असतो ना आपण? मेकॅनिकलभाऊंनी तो तास खिटी आणि चाकं समजावण्यात घालवला. बाकीचे व्हिडिओ काढण्यात घालवतात. माझं म्हणणं अजूनही तेच आहे: मुलाने 'नाही' म्हटलं की तो विषय त्या दिवसापुरता संपला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

दोन मुलींची आई:
मेकॅनिकलभाऊ, कामाचं विचारते. सासूबाई तयार झाल्या आहेत, पण अटीवर, की थोरलीला 'जरा बेताच्या' जागी बसवायचं. कुठली जागा बेताची?

मकरपुरा मेकॅनिकल:
मधली रांग. अगदी पुढे बसलं की समोर काहीच नसतं, उतार सगळा दिसतो, म्हणून भीती जास्त. अगदी मागचा डबा पुढच्यांनी ओढून नेल्यासारखा शिखरावरून खाली जातो, त्यामुळे तिथे उचललं गेल्यासारखं फार वाटतं. मध्ये दोन्ही कमी. डोकं मागे टेकवायचं, मान ताठ, जबडा आवळायचा नाही. पोटभर जेवून लगेच बसवू नका. चष्मा असेल तर काढून तुमच्याकडे ठेवा. आणि सासूबाईंना उतरायच्या दाराशी उभं करा, म्हणजे ती उतरल्यावर तिचा चेहरा सगळ्यांच्या आधी त्यांना दिसेल.