सातही दिवस स्नॉर्कलिंग नको

समुद्रकाठच्या सात दिवसांच्या सहलीत रोज दोन्ही वेळा स्नॉर्कलिंग (तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर तरंगत खालचं जग पाहणं) करायचा तुमचा बेत वाचला. मधले दोन दिवस तरी नुसतं वाळूत पडून राहा, खारं पाणी आणि ऊन फार थकवतं. उतरायचं ते सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. तेव्हा पाणी नितळ असतं. पाठ हमखास भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घाला, सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेलं सनस्क्रीन तर नकोच. प्रवाळांना असलेल्या धोक्यामुळे अमेरिकेच्या हवाई राज्यात २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या खुल्या विक्रीवर बंदी आहे. आणि कृपा करून प्रवाळांवर उभे राहू नका. ते जिवंत असतात हो! गोलसर, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात.